जुनी मोटार आणि नवी हौस

वरच्या वर्गांतील मुलांस यंदा ‘सुटींत मला काय करावयास आवडेल’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. पोहणें, किल्ले पाहणें, मामाच्या गांवीं जाणें हे नेहमींचे बेत होतेच. परंतु चार-पांच मुलांनीं एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहिली होती, तिनें आमचें लक्ष वेधलें. घरच्या पडवींत किंवा रिकाम्या गोठ्यांत आजोबांची पद्मिनी किंवा जुनी जीप धूळ खात उभी आहे. ती बाहेर काढावी, तिचें मूळ इंजिन काढून एखाद्या नव्या गाडीचें दमदार इंजिन तींत बसवावें, टप कापून ती उघडी करावी, रुंद चाकें घालावीं आणि काळा, चमक नसलेला रंग देऊन गांवभर मिरवावी, असा त्या मुलांचा मनोदय आहे. एकानें तर खर्चाचा अंदाजहि दिला असून वडिलांनीं निम्मी रक्कम कबूल केल्याचें लिहिलें आहे. तेव्हां हा विषय केवळ मुलांपुरता राहिलेला नाहीं. म्हणून विद्यार्थी व पालक या दोघांसहि उद्देशून आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथमच सांगून टाकतों कीं, या हौसेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सुटींत ज्या मुलाचे हात ग्रीसनें काळे होतात त्यास पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील निम्मीं प्रकरणें आयतीं समजतात, असा आमचा अनुभव आहे. आमची तक्रार पान्याविषयीं नसून करवतीविषयीं आहे. पान्यानें जें सोडविलें तें पान्यानें पुन्हां बसवितां येतें. करवतीनें कापलेला पत्रा कांहीं केल्या पुन्हां उगवत नाहीं.

या प्रकारांतील हळहळ कशी असते, हें ज्यांच्या घरीं मोटार कधींच नव्हती त्यांसहि ठाऊक आहे. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं जेव्हां घरोघर येऊं लागलीं तेव्हां तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळीं, परातीं, डबे हें सारें मोडींत गेलें. कल्हई करावी लागत नाहीं, चिंच लावून घांसावें लागत नाहीं, वजनाला हलकें. सोय खरोखरच मोठी होती, आणि ज्या गृहिणींनीं ती पतकरली त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांचींच नातवंडें आज तसलींच घंगाळीं दुकानांतून चढ्या भावानें आणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत मांडतात, आणि आजीच्या माहेरचें, तिच्या नांवाचीं अक्षरें ठोकलेलें घंगाळ मात्र भट्टींत वितळून गेलेलें असतें. ज्या वेळीं तें मोडींत दिलें त्या वेळीं त्याची किंमत कोणासच वाटत नव्हती, कारण तसलीं घंगाळीं घरोघर होतीं. उदंड असणें हाच त्या घंगाळाचा अपराध होता. मोटारींचेंहि नेमकें असेंच होतें. मोटार अगदीं नवी असते तोंवर तिला कोणी कापीत नाहीं, कारण तिची किंमत फार. ती दुर्मिळ झाली म्हणजेहि कोणी कापीत नाहीं, कारण मग तिची किंमत पुन्हां फार. या दोन टोकांच्या मध्यें वीस-तीस वर्षांचा असा एक काळ येतो कीं, तेव्हां ती केवळ जुनी, स्वस्त आणि पुष्कळ असते. तिच्यावर सारे घाव याच काळांत पडतात.

अमेरिकेंतील एक उदाहरण घेऊं. १९३२ सालीं हेन्री फोर्ड यांनीं आठ सिलिंडरांचें, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचें इंजिन असलेली मोटार सामान्य माणसास परवडेल अशा किमतींत बाजारांत आणली. तें इंजिन ६५ अश्वशक्तीचें होतें. असलें बळ तोंपर्यंत श्रीमंतांच्याच गाड्यांत असे. दहा-बारा वर्षांत ह्या फोर्ड गाड्या जुन्या होऊन अल्प किमतीस मिळूं लागल्या, आणि दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं त्या हातीं घेतल्या. वजन घटविण्यासाठीं मडगार्डें काढलीं, बॉनेटच्या बाजू काढल्या, टपाचे खांब मधोमध कापून टप चार बोटें खालीं बसविला, आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाच्या चढाओढी चालू केल्या. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं मिळून एक संघहि स्थापन केला. महायुद्ध संपून सैनिक घरीं परतल्यावर या हौसेस ऊत आला. पुढें १९५५ सालीं शेव्हरोले कंपनीचें नवें व्ही-८ इंजिन निघालें, तेव्हां ज्या इंजिनासाठीं ती फोर्ड नांवाजली गेली होती तेंच इंजिन उपटून त्या जागीं शेव्हरोलेचें बसविण्याची रीत पडली. आज कारखान्यांतून निघाली तशीच राहिलेली १९३२ ची फोर्ड क्वचित् दृष्टीस पडते. तिच्या घाटाला मागणी मात्र इतकी कीं, त्याच मापाच्या नव्या पोलादी बॉड्या घडवून विकणारे कारखाने अमेरिकेंत निघाले आहेत. आजोबांनीं कापून फेकलें तें नातू विकत घेतो.

येथें न्याय म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्या तरुणांचें कौशल्य कांहीं सामान्य नव्हतें. त्यांनीं केलेल्या गाड्यांतूनच एक स्वतंत्र कला निर्माण झाली, आणि १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथील प्रतिष्ठित मोटारप्रदर्शनांत अशा गाड्यांस स्वतःचा वर्ग मिळाला. आज त्या काळची एखादी नामांकित फोर्ड कोणी ‘मूळ स्वरूपांत’ आणूं म्हणेल तर जाणकार लोक त्याचा हात धरतील, आणि तें योग्यच होईल. परंतु अशा नामांकित गाड्या किती? ज्यांनीं पहिल्यानें कापलें त्यांनीं कांहीं शोधलें. ज्यांनीं त्यांचें पाहून कापलें त्यांनीं केवळ कापलें. आणि संख्या नेहमीं दुसऱ्या प्रकारच्या लोकांचीच जास्त असते.

इंग्लंडमधील बेंटले गाड्यांची कथा याहून विचार करण्यासारखी आहे. १९१९ सालीं स्थापन झालेली ती कंपनी १९३१ सालीं रोल्स-रॉइसच्या ताब्यांत गेली. परंतु तेवढ्या अवधींत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिच्या गाड्यांनीं पांच वेळां जिंकली, १९२४ सालीं एकदां आणि मग १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीनें चार वर्षें. त्या काळीं कंपनी केवळ चासी व इंजिन विकीत असे, आणि बॉडी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाची. पुष्कळ गिऱ्हाइकें प्रतिष्ठित, वयस्क आणि सर्दीस भिणारीं होतीं. त्यांनीं लांकडी सांगाड्यावर पत्रा किंवा कापड ताणलेल्या, कांचांच्या खिडक्या असलेल्या बंदिस्त बॉड्या बांधून घेतल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचें लांकूड कुजलें, कापड फाटलें, आणि त्या जुनाट पेट्या कोणास नकोशा झाल्या. ज्याला त्याला ल मां येथें धांवली तसली उघडी, चार बैठकींची, चामड्याच्या पट्ट्यानें बॉनेट आवळलेली बेंटले हवी झाली. तेव्हां बंदिस्त बॉड्या उतरवून जाळल्या किंवा टाकून दिल्या, कित्येक चासी कापून आंखूड केल्या, आणि त्यांवर शर्यतीच्या गाडीच्या प्रतिकृति चढविल्या गेल्या.

आतां तिकडील एखाद्या मेळाव्यांत बेंटले गाड्यांची रांग पाहणाऱ्या परक्या माणसास वाटावें कीं, १९२८ सालीं इंग्लंडमधील प्रत्येक डॉक्टर, वकील आणि जमीनदार चष्मा चढवून शर्यतीसच निघाला होता. गाडी राहिली, परंतु तिनें द्यावयाची साक्ष खोटी झाली. ती गाडी कोणासाठीं बांधली होती, तो तींत कसा बसत असे, त्याच्या पत्नीची टोपी टपाला लागूं नये म्हणून टप किती उंच ठेवला होता, हें सांगणारा पुरावा आतां थोड्याच गाड्यांवर उरला आहे. ज्यांच्याकडे अशी एखादी बंदिस्त बेंटले चुकूनमाकून राहिली त्यांच्या वडिलांचा आळस आज त्यांच्या उपयोगीं पडला आहे! आळसाची तरफदारी शाळेच्या अंकांत करूं नये हें आम्ही जाणतों; परंतु जुन्या वस्तु पुष्कळदां आळसानेंच वांचतात हें खरें आहे.

पैशाच्या दृष्टीनेंच ज्यांस हा विषय समजून घ्यावयाचा असेल त्यांनीं इटलींतील फेरारी गाड्यांकडे पहावें. १९६२ ते १९६४ या काळांत फेरारीनें ‘२५० जीटीओ’ नांवाच्या शर्यतीच्या ३६ गाड्या तयार केल्या. त्याच सुमारास त्याच घराण्यांतील तीन लिटरचें, बारा सिलिंडरांचें इंजिन घातलेली ‘२५० जीटीई’ नांवाची चार जणांची कौटुंबिक गाडीहि निघाली होती; तिची संख्या नऊशेंहून अधिक होती. पुढें जीटीओची किंमत वाढूं लागली तशी या गरीब बहिणीवर संक्रांत आली. तिची बॉडी उतरवावयाची, चासी आंखूड करावयाची आणि तिच्यावर जीटीओची नक्कल चढवावयाची, किंवा सरळ तिचें इंजिन काढून तें दुसऱ्या महागड्या फेरारीस द्यावयाचें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. २०१८ सालीं अमेरिकेंत एक खरी जीटीओ लिलांवांत चार कोटी चौऱ्यायशीं लक्ष डॉलरांस गेली. नक्कल ती नक्कलच राहिली. आणि ज्या जीटीईचा बळी देऊन ती केली ती साबूत असती तर आज स्वतःच्याच नांवानें मानाची ठरली असती.

जर्मनींतील पोर्शे ९११ या गाडीची गोष्ट तर हंसूं आणणारी आहे. १९८० च्या सुमारास जुन्या ९११ चे मालक तिला रुंद मडगार्डें आणि चपटें नाक लावून नव्यासारखी दाखवूं लागले. तीस वर्षांनीं वारा फिरला, आणि नव्या ९११ चे मालक तिचीं मडगार्डें व बंपर काढून तिला जुन्यासारखी दाखवूं लागले. दोन्ही वेळीं डेंटरचें पोट भरलें एवढाच काय तो निश्चित लाभ.

आतां आपल्या विद्यार्थिमित्रांच्या बेतांतील यंत्रशास्त्राकडे थोडें वळूं. कारण ‘मूळ रूप’, ‘साक्ष’ असल्या शब्दांनीं सोळा वर्षांच्या मुलाचें समाधान होत नाहीं. मोटार म्हणजे इंजिनाला चाकें लावलेली पेटी नव्हे. तिचा प्रत्येक भाग दुसऱ्याच्या मापानें ठरविलेला असतो. पद्मिनीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें व सुमारें ४० अश्वशक्तीचें. तिचा क्लच, गिअरपेटी, मागील आंस, रेडिएटर आणि ब्रेक हे सारे त्या चाळीस घोड्यांच्या हिशेबानें घडविलेले आहेत. त्या जागीं दुप्पट बळाचें इंजिन घातलें कीं पहिल्यानें क्लच घसरूं लागतो. तो बदलला कीं गिअरचे दांते तुटतात. ते बदलले कीं आंसाचा नंबर लागतो. एवढें सगळें बदलून झाल्यावर ब्रेक शिल्लक राहतात, आणि येथें गोष्ट खर्चाची न राहतां जिवाची होते. चालत्या वस्तूंतील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते हें नववीच्या पुस्तकांत आहे. ताशीं ६० किलोमीटरऐवजीं ९० ने धांवणारी गाडी थांबवावयाची म्हणजे ब्रेकांनीं दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट उष्णता पचविली पाहिजे. जुने ड्रमचे ब्रेक बंद डब्यांत असतात. त्यांस हवा थोडी लागते. उतारावर ते तापले कीं त्यांची पकड सुटते. खंडाळ्याचा घाट आपल्या वाचकांस नवा नाहीं.

टपाची गोष्ट याहूनहि गंभीर आहे. जीपला खालीं स्वतंत्र चासी असते. तिचा वरचा भाग काढला तरी सांगाडा तसाच राहतो. पद्मिनीस किंवा अॅम्बॅसॅडरला तशी स्वतंत्र चासी नाहीं. तळ, बाजू, खांब आणि टप यांचा मिळून एकच पेटारा असून सारा भार तो पेटारा सोसतो. झांकण फाडलेला पुठ्ठ्याचा खोका दोन्ही हातांनीं पिळून पाहावा म्हणजे आमचें म्हणणें लक्षांत येईल. टप कापल्यावर गाडी मध्यें खचूं लागते, दारें लागेनाशीं होतात, खड्ड्यांतून जातांना पुढची कांच तडकते. मग तळाला लोखंडी पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात, त्यांनीं वजन वाढतें, आणि हलकी व्हावी म्हणून कापलेली गाडी पूर्वीहून जड होऊन बसते. लग्नाच्या वरातींत टप कापलेल्या, दिव्यांच्या माळांनीं मढविलेल्या ज्या मोटारी दिसतात त्यांची दारें एकदां नीट न्याहाळून पाहावीं. कित्येक दारें वेल्ड करून कायमचीं बंद केलेलीं आढळतील.

आपल्या देशांतील जुन्या पिढीनें मोटारी बदलल्या नाहींत असें मुळींच नाहीं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलचा भाव भडकला, तेव्हां मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांचीं तहानलेलीं इंजिनें काढून त्यांत डिझेलचीं इंजिनें घातलीं गेलीं. महिंद्रांनीं १९४७ च्या सुमारास मुंबईंत विलीज जीपांची जुळणी आरंभिली; त्या जीपांचीं पेट्रोल इंजिनेंहि पुढें खेडोपाडीं याच कारणानें उतरलीं. ज्या माणसाची गाडी हेंच त्याचें पोट होतें, ज्यास दूध, भाजी आणि वऱ्हाडी वाहून चार पैसे मिळवावयाचे होते, त्यानें तसें केलें नसतें तर ती जीप पांच वर्षांत भंगारांत गेली असती. त्यास आम्ही नमस्कारच करतों. आज त्या जीपांचे हौशी मालक मूळ इंजिनाच्या शोधांत मुंबईच्या चोरबाजारापासून गांवोगांवच्या भंगाराच्या वखारींपर्यंत हिंडतात, ही गोष्ट वेगळी. गरजेनें केलेला बदल आणि मिरविण्यासाठीं केलेला बदल यांस एका तागडींत घालूं नये. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत कोठेंहि दूध वाहण्याचा उल्लेख नव्हता!

आणि पद्मिनीचें काय? वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट गाडीवरून ती तयार होई. १९७४ पासून ती पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हें समीकरण इतकें दृढ होतें कीं, तिच्याकडे कोणी मान वळवून पाहिलें नाहीं. मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकहि पद्मिनी टॅक्सी उरली नाहीं. त्या दिवशीं वर्तमानपत्रांत केवढे लेख आले, किती जणांनीं तिच्याबरोबर फोटो काढून घेतले, हें पालकांस आठवत असेल. बैल गेला आणि झोपा केला! हजारों टॅक्सी तोडावयास गेल्यावर जें उरलें आहे तें घरोघरच्या पडव्यांत आणि गोठ्यांत आहे. कॅलिफोर्नियांतील फोर्ड १९४६ सालीं जेथें होती तेथें आपली पद्मिनी आज उभी आहे: जुनी, स्वस्त आणि अजून पुरेशी पुष्कळ.

कायद्याची बाजूहि पालकांनीं ध्यानांत घ्यावी. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी या नियमांखालीं नोंदवितां येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढील नोंदणीस ५,००० रुपये. आणि तिच्या क्रमांकांत व्ही व ए हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्यानें देण्यास चालत नाहीं; मेळावे, प्रदर्शनें, दुरुस्ती एवढ्यांसाठींच ती रस्त्यावर आणतां येते. परंतु मुख्य अट निराळीच आहे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा, वाहन मूळ स्वरूपांत असावें. १९७४ सालची पद्मिनी २०२४ सालींच पन्नाशीची झाली. पुढील पंचवीस वर्षें दरसाल तिच्या बहिणी या उंबरठ्यावर येत राहतील. ज्या मुलानें या सुटींत करवत चालविली त्याची गाडी त्या दिवशीं बाहेरच राहील. शिवाय २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे कीं, कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल केलेली गाडी कोणास वापरतां येणार नाहीं. निम्मी रक्कम कबूल करणाऱ्या वडिलांनीं एवढें तरी प्रथम वाचावें.

कोणी म्हणेल, गाडी आमची, पैसा आमचा, तुम्हांस काय त्याचें? प्रश्न रास्त आहे. परंतु या बाबतींतील पश्चात्तापाचा एक चमत्कार असा कीं, तो पुष्कळदां कापणाऱ्यास होतच नाहीं. कापणारा चार वर्षें मिरवितो, मग त्याचें लग्न होतें, गाडी विकली जाते. हळहळतो तो तिसरा किंवा चौथा मालक, ज्याला तिचें मूळ स्टेअरिंग, मूळ बैठकी, इंजिनावर कोरलेला मूळ क्रमांक हवा असतो. आणि पुष्कळदां तो त्याच कुटुंबांतील असतो. त्यास उत्तर मिळतें कीं, तें सामान भंगारवाल्यानें किलोच्या भावानें नेलें.

मग जुन्या गाडीस हातच लावूं नये कीं काय? असा अर्थ कोणी घेऊं नये. जुन्या वाहनांचा जागतिक महासंघ १९६६ पासून आहे. त्यानें २०१२ सालीं ट्युरिन येथील सनद म्हणून जे नियम मान्य केले ते फार समंजस आहेत. सुरक्षिततेसाठीं किंवा दुसऱ्या कारणानें बदल करावाच लागला तर तो मूळ रचनेस धक्का न लावणारा असावा, पुन्हां पूर्ववत् करतां येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावे, असा त्यांचा आशय आहे. विजेवर चालणाऱ्या मोटरी जुन्या गाड्यांत बसविण्याची जी नवी लाट आली आहे तीसहि हाच निकष लावावा. वर्षांतून दोनचारशें किलोमीटर धांवणाऱ्या गाडीचें इंजिन उपटून हवा कितीशी शुद्ध होईल, याचा हिशेब विज्ञान-मंडळाच्या मुलांनींच करून पाहावा.

बदल हाच इतिहास असूं शकतो, याचें एक उदाहरण आम्हांस फार आवडतें. २०२४ सालीं पेबल बीच येथील प्रदर्शनांत सर्वोत्कृष्ट गाडीचा मान १९३४ च्या ‘बुगाटी टाइप ५९’ या गाडीस मिळाला. रंग झिजलेला, चामडें सुरकुतलेलें, कोणीहि नवी न केलेली अशी गाडी त्या स्पर्धेंत प्रथमच पहिली आली. ही गाडी आधीं ग्रां प्री शर्यतींत धांवली होती. मग खुद्द बुगाटीच्या कारखान्यानेंच तिला रस्त्यावर चालण्याजोगी करून दिली, आणि ती बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांजकडे गेली. म्हणजे तीहि बदललेलीच गाडी. परंतु तो बदल ज्यांनीं ती घडविली त्यांच्या हातचा होता, आणि त्यानंतरच्या नव्वद वर्षांत कोणीहि त्यांच्याहून शहाणें होण्याचा आव आणला नाहीं.

आमच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं अशी एखादी गाडी आहे त्यांस सुटीला पुरून उरेल एवढें काम आहे. चासी आणि इंजिन यांवरील क्रमांक शोधून वहींत उतरून घ्यावे व नोंदणीच्या कागदाशीं ताडून पाहावे. एकेक भाग काढण्यापूर्वीं त्याचा फोटो घ्यावा. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा, आंबलेलें पेट्रोल, गंजलेली टांकी, चिकटलेले ब्रेक, फाटलेले रबरी नळ, हें सारें दुरुस्त करण्यांत महिना कसा जातो तें कळणारहि नाहीं. कार्ब्युरेटर उघडून, धुवून, पुन्हां जुळवून इंजिन एका लयींत धडधडूं लागलें म्हणजे जो आनंद होतो त्यास रुंद चाकांची जोड लागत नाहीं. स्टेअरिंगपाशीं असलेल्या गिअरच्या दांड्याची जुळणी मात्र एकट्यानें करूं नये; ती अवघड आहे, आणि पुस्तक वाचून साधत नाहीं. ज्या मिस्त्रींनीं या गाड्यांवर उमर घालविली ते आतां साठी-सत्तरींत आहेत. त्यांच्या गॅरेजांत नव्या गाड्या येत नाहींत, त्यामुळें त्यांस वेळ असतो. आणि विचारणारा मुलगा भेटला कीं चहा तेच मागवितात.